कियांतीचे किल्ले आणि कुळांची घरे: फ्लोरेन्स ते बुओनकोन्वेंतो

फ्लोरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या डोंगराळ पट्ट्याला कियांती म्हणतात. जलद रस्त्याने एका शहरातून दुसऱ्यात सव्वा तासात पोहोचता येते, आणि बहुतेक मंडळी वाटेतला एखादा किल्ला, एखादे वाइन टेस्टिंग उरकून तसेच पुढे जातात. त्यात अर्धेच बघून होते. इथला प्रत्येक किल्ला भोवतालच्या पाच-पंचवीस शेतघरांच्या जिवावर उभा होता. जमीन आणि घर मालकाचे, कष्ट कुळाचे, पीक अर्धे-अर्धे, असा हा व्यवहार. इटालियनमध्ये त्याला मेद्झाद्रिया म्हणतात. आपल्याकडची अर्धेली साधारण तीच. म्हणून खाली दिलेल्या सहा दिवसांत किल्ल्यांइतकाच वेळ कुळांच्या घरांना ठेवला आहे.

निघण्याआधी

गाडी हवीच. बस कियांतीतल्या ग्रेवे गावापर्यंत बरी आहे, पण तिथून पुढे फेऱ्या विरळ आणि रविवारी जवळपास नाहीतच. भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, तो वर्षभर चालतो. गाडी शक्यतो विमानतळावरूनच घ्या. फ्लोरेन्सच्या जुन्या शहरात वाहनबंदीचा भाग आहे, त्याच्या प्रत्येक तोंडाशी कॅमेरा आहे. चुकून आत शिरलात तर दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते, आणि तुमचे नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल गाडीवाली कंपनी वेगळे पैसे कापते. सिएनातही हाच प्रकार. रस्त्याकडेच्या पार्किंगच्या रेघांचे रंग लक्षात ठेवा: पांढऱ्या फुकट, निळ्या पैशांच्या, पिवळ्या तुमच्यासाठी नाहीत.

मे-जून किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर हा काळ चांगला. ऑगस्टमध्ये ऊन कडक आणि अर्धी इटली सुट्टीवर. द्राक्षतोडणीच्या दिवसांत मळे बघायला सुंदर, पण तळघरे कामात गढलेली असतात. त्या वेळी आठवडाभर आधी आरक्षण केले नसेल तर नुसती दुकानातली चव मिळते, आत नेत नाहीत.

गाडी चालवताना रक्तातील मद्याची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम, आणि परवाना मिळून तीन वर्षे झाली नसतील तर शून्य. चाखायच्या टेबलावर थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते. ते वापरण्यात संकोच नको, जाणकार तेच करतात.

पहिला दिवस: इंप्रुनेता, ग्रेवे, मोंतेफियोराल्ले

फ्लोरेन्सहून दक्षिणेला निघणारा राज्यमार्ग २२२, म्हणजेच कियांतिजाना, हा या प्रवासाचा कणा. त्याला लागण्याआधी थोडी वाट वाकडी करून इंप्रुनेता गाठा. गाव भाजक्या मातीचे. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलवरच्या ब्रुनेलेस्कीच्या घुमटाची कौले इथलीच. इथली माती भाजल्यावर गोठणाऱ्या थंडीत फुटत नाही, म्हणून कुंड्या, फरश्या, कौले सगळे इथून जाई. पुढे दिसणाऱ्या प्रत्येक घराच्या छपरात दोन प्रकारची कौले आहेत: खाली कडा उचललेले चपटे, वर दोन चपट्यांचा सांधा झाकणारे अर्धगोल. आतून वर पाहिले की जाड तुळया, त्यांवर आडव्या बारीक कड्या, कड्यांवर चपट्या विटांचा थर आणि त्यावर कौले. हा क्रम इथेच ओळखून ठेवला की पुढे अस्सल छप्पर आणि नवी नक्कल यांतला फरक कळतो.

ग्रेवेचा बाजारचौक त्रिकोणी, भोवती कमानींचे ओटे. मध्ये १५२४ साली न्यू यॉर्कच्या उपसागरात शिरलेला दर्यावर्दी जोव्हान्नी दा व्हेराद्झानो पुतळा होऊन उभा आहे. गाव तासाभरात होते. उरलेली संध्याकाळ वरच्या मोंतेफियोराल्लेला द्या. दीडेक किलोमीटर चढ आहे, गाडी वेशीबाहेर ठेवून चालत जा. तटबंदीतली घरे एकाला एक खेटून गोलाकार उभी आहेत. मूळच्या तटाचीच पुढे घरे झाली. इथल्या बऱ्याच किल्ल्यांचे असेच झाले, त्याचे कारण पुढे येईल.

दुसरा दिवस: व्हेराद्झानो आणि कुळाचे घर

सकाळी ग्रेवेच्या उत्तरेचा व्हेराद्झानोचा किल्ला. आरक्षण करूनच जा. तळघर, बाग आणि चव असा फेरा असतो. मधला बुरूज जुना, त्याला चिकटून नंतर वाढलेला ऐसपैस वाडा. जवळच विन्यामाज्जो नावाचा देखणा वाडा आहे. मोना लिसा तिथे जन्मली असे सांगतात, पण लिसा घेरार्दिनीचा जन्म १४७९ सालचा आणि फ्लोरेन्समधला. बाग मात्र बघण्यासारखी आहे.

दुपारपासून मुक्काम शेतघरात. या भागातल्या जुन्या कुळघराला काझा कोलोनिका म्हणतात, आणि ते ज्या तुकड्यावर असे त्याला पोदेरे. आज यांतली शेकडो घरे पाहुण्यांसाठी भाड्याने मिळतात. सामान आत टाकण्याआधी घराला बाहेरून एक फेरी मारा, कारण सगळा हिशेब भिंतींवर लिहिलेला आहे.

तळमजल्यावर रुंद कमानी दिसतील तो गोठा. बैलजोडी खाली आणि माणसे वर, म्हणजे हिवाळ्यात जनावरांची ऊब वर चढे. वर जायला बाहेरून दगडी जिना, जिन्याच्या माथ्यावर छोटी ओसरी, ओसरीतून थेट स्वयंपाकघरात. पेटती चूल असलेली घरातली हीच खोली, म्हणून ती सर्वांत मोठी. भिंतीतून गोल पोट बाहेर आलेले दिसले तर ती पावाची भट्टी. घरासमोरची फरसबंद किंवा चोपलेली जागा म्हणजे खळे. बाजूच्या कोठाराच्या भिंतीत विटांची जाळी असेल तर तिथे वैरण असे. जाळीतून वारा खेळला नाही तर ओली वैरण आतून तापते आणि पेट घेते. छपराच्या मधोमध चौकोनी मनोरा असेल तर तो कबुतरखाना. कबुतरांचे मांस आणि खत, दोन्हींवर मालकाचा डोळा असे. मनोरा, खालचा कमानींचा ओटा आणि नीट आखलेला चौकोन असे एकत्र दिसले तर घर बहुधा अठराव्या शतकातले किंवा त्या धाटणीचे. १७६५ ते १७९० या काळात तोस्कानाचा, म्हणजे फ्लोरेन्स-सिएनाच्या या सगळ्या प्रांताचा, ग्रँड ड्यूक असलेल्या पिएत्रो लेओपोल्दोने कुळांची घरे सुधारून बांधण्याला जोर दिला होता.

आता एक गोष्ट, जी घर भाड्याने देणारे सहसा सांगत नाहीत. पर्यटकांना भुरळ घालणारी उघडी दगडी भिंत पुष्कळदा मूळची नसते. बऱ्याच घरांना चुन्याचा गिलावा होता. ती रिकामी पडल्यावर शहरांतून आणि परदेशांतून आलेल्या नव्या मालकांनी ‘गावठी’ रूप हवे म्हणून तो खरवडून काढला. त्यात दगडांच्या दरजा सिमेंटने भरल्या असतील तर आणखी वाईट. चुना ओल शोषतो आणि सोडतो. सिमेंट ती अडवून ठेवते, मग ओल दगडातून वाट काढते, दगडाचे पापुद्रे सुटतात आणि आतल्या भिंतीवर फूटभर उंचीपर्यंत पांढरी खार फुलते. नखाने दरज कोरून बघा. चुना भुरभुरतो, पिवळट असतो. सिमेंट करडे आणि टणक.

घर रिकामे का पडले, याचे उत्तर कायद्यात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळाचा वाटा ५० टक्क्यांवरून ५३ झाला. १९६४ च्या कायद्याने तो ५८ केला आणि नवे मेद्झाद्रिया करार करायलाच बंदी घातली. पण तोवर तरुण पोरे फ्लोरेन्स, प्रातो, पोज्जिबोन्सीच्या कारखान्यांत गेली होती. आपल्याकडे १९४८ च्या कूळकायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी कसणाऱ्याला मालकी मिळण्याची वाट निघाली. इथे बहुतेकांनी जमिनीची वाट न पाहता घराला कडी घातली. पूर्वी वेल मेपलच्या झाडांवर चढवलेले असत आणि त्यांच्या ओळींमध्ये गहू पेरला जाई. माणसेच नाहीत म्हटल्यावर ती मिश्र शेती मोडली आणि ट्रॅक्टर जाईल अशा सरळ रांगा आल्या. आज चित्रासारखे दिसणारे द्राक्षमळे बहुतांशी त्यानंतरचे आहेत.

राहण्याच्या काही व्यावहारिक बाबी. इटलीत घरगुती वीजजोडणी साधारण ३ किलोवॅटची असते. ओव्हन, किटली आणि कपड्यांचे यंत्र एकदम लावले की मीटर पडतो, आणि तो मीटर बऱ्याचदा घरात नसून फाटकापाशी पेटीत असतो. तो कुठे आहे हे उजेडातच विचारून घ्या. भिंती अर्ध्या मीटरहून जाड, त्यामुळे वायफाय एका खोलीपुरते. हीटिंगचे दिवस कायद्याने ठरलेले, साधारण नोव्हेंबर ते एप्रिलचा मध्य, आणि त्याचे पैसे भाड्यात आहेत की वेगळे हे आरक्षणाच्या वेळीच लिहून घ्या. उन्हाळ्यात बरीच घरे शनिवार ते शनिवारच देतात. दगडी भिंतीत छोटा काळा विंचू दिसू शकतो. त्याचा डंख गांधीलमाशीपेक्षा सौम्य, पण बूट झटकून घालावेत.

मोबाइलचा नकाशा अशा घरांच्या बाबतीत हमखास फसतो. एकाच नावाचे पोदेरे तीन गावांत असतात. पत्त्याऐवजी अक्षांश-रेखांश मागा आणि पहिल्यांदा उजेडात पोहोचा. शेवटचे एक-दोन किलोमीटर पांढऱ्या खडीचा कच्चा रस्ता असतो. भाड्याच्या गाडीच्या विम्यात टायर आणि गाडीची खालची बाजू बहुधा येत नाही, म्हणून वेग तीसच्या आत ठेवा. अंधार पडल्यावर रानडुक्कर आणि साळिंदर आडवे येते.

तिसरा दिवस: कास्तेल्लिना, राद्दा, वोल्पाया

कास्तेल्लिनात किल्ल्याच्या बुरुजापेक्षा तटाच्या आतून जाणारी छतबंद गल्ली मोलाची. पहारेकऱ्यांची ही वाट आता घरांखालचा बोगदा झाली आहे. गावाबाहेर मोंतेकाल्व्हारियोचे एत्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधी इथे नांदलेल्या लोकांचे, थडगे आहे: एका टेकाडाखाली चार दिशांना तोंडे केलेल्या चार कबरी, इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकातल्या. बॅटरी न्या.

राद्दा हे कियांती संघाचे जुने ठाणे. फ्लोरेन्सच्या बाजूने सीमा सांभाळणाऱ्या राद्दा, गायोले आणि कास्तेल्लिना या तीन गावांचा हा संघ. काळा कोंबडा हे त्याचे चिन्ह, आज बाटलीच्या गळ्यावर दिसतो तोच. फ्लोरेन्स आणि सिएनाचे घोडेस्वार आपापला कोंबडा आरवताच निघाले, फ्लोरेन्सने आपला उपाशी ठेवल्याने तो लवकर आरवला, आणि स्वार जिथे भेटले तिथे सीमा ठरली, अशी कथा प्रत्येक दुकानात ऐकायला मिळते. सीमा प्रत्यक्षात आखली १२०३ च्या पोज्जिबोन्सीच्या निवाड्याने. उपाशी ठेवलेल्या कोंबड्यापुढे लवादाची गोष्ट फिकी पडते, त्याला इलाज नाही. १९२४ साली ३३ उत्पादकांनी आपल्या वाइनच्या नावाचे रक्षण करायला संस्था काढली तीही राद्दातच.

वोल्पाया राद्दापासून सात किलोमीटरवर, सुमारे ६०० मीटर उंचीवर. दिसायला तटबंदीचे जुने खेडे, पण घरांच्या आणि जुन्या चर्चच्या पोटात अख्खा वाइनचा कारखाना आहे. पोलादी टाक्या आत नेण्याइतकी दारे रुंद नव्हती म्हणून छपरे उतरवून त्या वरून सोडल्या, आणि वाइन एका इमारतीतून दुसरीत जमिनीखालच्या नळ्यांतून जाते. जुने गाव जपायचे आणि त्यात कामही चालवायचे, याचा इतका नेटका नमुना या भागात दुसरा नाही. फेरफटका आरक्षण करूनच घ्या. एरवी बंद दारेच दिसतील.

चौथा दिवस: कोल्तिबुओनो, वेर्तिने, मेलेतो

कोल्तिबुओनोचा मठ १०५१ चा, व्हालोम्ब्रोझा पंथाच्या भिक्षूंचा. १८१० मध्ये नेपोलियनच्या राजवटीत मठ बंद झाला, १८४६ मध्ये फ्लोरेन्सच्या एका सावकाराने घेतला आणि तो शेतीचा वाडा झाला. इथली हवा द्राक्षांना थंड पडते. मठाचे मळे खाली दक्षिणेला मोंती गावाजवळ आहेत. म्हणून इथे मळे शोधत बसू नका, तळघर आणि बाग बघा.

माळा दाखवणार असतील तर नक्की चढा. विन सांतो ही गोड वाइन तळघरात मुरवत नाहीत, छपराखाली मुरवतात. पांढरी द्राक्षे तोडून चटयांवर किंवा टांगून काही महिने सुकवतात, रस काढून ५० ते १०० लिटरच्या छोट्या पिंपात घालतात. तळाशी आधीच्या खेपेचा गाळ विरजणासारखा ठेवलेला असतो. मग पिंप बंद करून किमान तीन वर्षे विसरायचे. उन्हाळ्यात कौलाखाली तापते तेव्हा आंबणे जोरात चालते, थंडीत थांबते, पुन्हा सुरू होते. पिंप नीट बंद झाले नाही तर पदरात व्हिनेगर पडते, आणि ते उघडेपर्यंत कळतही नाही.

वेर्तिने ही गायोलेवरची वेशीतली छोटी वस्ती, अर्धा तास पुरे. मेलेतोच्या किल्ल्याला दोन गोल बुरूज आणि आत अठराव्या शतकातले चिमुकले नाट्यगृह. ते चुकवू नका. १५५५ मध्ये सिएना फ्लोरेन्सच्या बाजूच्या फौजांपुढे पडले, सीमाच उरली नाही, आणि या किल्ल्यांना लढाईचे काम राहिले नाही. ज्यांचे मालक शहाणे होते त्यांनी बुरुजात धान्य आणि तळघरात पिंपे भरली, आणि फुरसत मिळाल्यावर कोणी नाटकाचा रंगमंच घातला.

गायोलेत जेवणाची वेळ साडेबारा ते अडीच. तीनला पोहोचलात तर उपाशी. शाकाहारींसाठी पप्पा अल पोमोदोरो (पाव-टोमॅटोचे दाट सूप), लसूण-टोमॅटोची पिची (जाड शेवयांसारखा पास्ता), पांढऱ्या घेवड्याची उसळ सहज मिळते. रिबोल्लिता सूप घेताना रस्सा मांसाचा आहे का, हे ‘ब्रोदो दि कार्ने?’ एवढे विचारून बघा. मेंढीच्या दुधाच्या पेकोरिनो चीजमध्ये बहुधा प्राणिज विरजण असते.

पाचवा दिवस: ब्रोलियो

पूर्ण सकाळ इथे. गायोलेपासून दहा किलोमीटर, खालून सायप्रसच्या झाडांच्या रांगेतून चढण. रिकासोली घराण्याकडे हा किल्ला ११४१ पासून आहे. सीमेवर असल्यामुळे मार खाणे नशिबी होतेच. १४७८ मध्ये नेपल्सच्या आरागोन घराण्याच्या फौजांनी तो घेतला. आज दिसते ती दोन वेगळ्या काळांची इमारत. बाहेरची उतरती दगडी तटबंदी तोफांच्या जमान्यातली, आतला लाल विटांचा टोकदार खिडक्यांचा वाडा एकोणिसाव्या शतकातला. वास्तुरचनाकार पिएत्रो मार्केत्ती. इतिहासाची आवड असलेल्यांना हा लाल वाडा खटकतो आणि ते बरोबरच आहे; तो मध्ययुगाचे नाटक आहे. पण त्याच्या भिंतींवरचे गोळ्यांचे व्रण खरे, दुसऱ्या महायुद्धातले.

वाडा बांधवून घेणारा बेत्तिनो रिकासोली (१८०९-१८८०) इटलीचा दोनदा पंतप्रधान झाला. त्याचे दुसरे काम जास्त टिकले. तीसेक वर्षे निरनिराळी द्राक्षे मिसळून बघितल्यावर १८७२ मध्ये त्याने पिसाच्या प्राध्यापक स्तुदियातींना पत्रातून आपला निष्कर्ष कळवला: वास आणि जोर सांजोवेझे या काळ्या द्राक्षातून, कानायोलो या दुसऱ्या काळ्या द्राक्षाने त्याचा कडकपणा मवाळ करायचा, आणि माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष रोजच्या, लवकर प्यायच्या वाइनपुरते, मुरवायच्या वाइनमध्ये ते नको. ७०-२०-१० असे प्रमाण त्याच्या नावावर खपवले जाते, पण पत्रात टक्केवारी नाही. १९६७ च्या नियमांनी मात्र पांढरी द्राक्षे १० ते ३० टक्के सक्तीची केली. वाइन पातळ झाली, नाव गेले. कियांती क्लासिकोत, म्हणजे काळ्या कोंबड्याच्या वाइनमध्ये, २००६ पासून पांढऱ्या द्राक्षांना बंदी आहे आणि सांजोवेझे किमान ८० टक्के लागते. साधी बाटली १२ महिन्यांनी, तिच्या वरच्या दोन प्रती, रिझेर्व्हा २४ आणि ग्रान सेलेत्सियोने ३० महिन्यांनी बाजारात येतात. चाखताना याच क्रमाने मागा. उलट केले तर साधी पाण्यासारखी लागते.

तटावर उभे राहिले की दक्षिणेला सिएनाचे मनोरे दिसतात, हवा स्वच्छ असली तर आमियाता पर्वतही. खाली पसरलेल्या मालमत्तेचे क्षेत्र सुमारे १२०० हेक्टर, द्राक्षे त्यातल्या २४० हेक्टरवर. उरलेले जंगल, ऑलिव्ह आणि शेते. तटावरून दिसणारी विखुरलेली घरे मोजा. कालपरवा ज्यांच्या गोठ्याच्या कमानी पाहिल्या तशीच ही घरे. मालक बहुधा शहरात; मधला कारभारी, ज्याला फात्तोरे म्हणत, तो वाटणी करी आणि हिशेब लिही. कुळाकडून बोलणारा कुटुंबाचा कर्ता एकच, कापोच्चा. किल्ला उंचावर का, याचे लढाईखेरीज दुसरे उत्तर इथे समोर असते: सगळी खळी एका नजरेत येतात.

सहावा दिवस: सिएना, कूना, बुओनकोन्वेंतो

सिएनात गाडी तटाबाहेरच्या वाहनतळावर ठेवा आणि थेट पालाद्झो पुब्लिको, म्हणजे जुनी नगरसभा, गाठा. आम्ब्रोज्जो लोरेंझेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेल्या भित्तिचित्रात चांगल्या कारभाराखालचा मुलूख आहे: वेशीबाहेर पडणारे स्वार, मळणी, द्राक्षमळे, टेकड्यांवरचे वाडे. प्रवासात पाहिलेल्या जागा इथे ओळखीच्या वाटतात. घाई असेल तर कॅथेड्रल सोडा, हे सोडू नका.

मग कास्सिया मार्गाने दक्षिणेला. मोंतेरोनीच्या अलीकडे कूनाची तटबंदी लागते. दिसायला किल्ला, प्रत्यक्षात चौदाव्या शतकातले धान्यकोठार, सिएनाच्या सांता मारिया देल्ला स्काला रुग्णालयाचे. वर धान्य चढवायला जनावरे जातील अशी आतली चढण आहे. आत जायला मिळेल असे धरून चालू नका. बाहेरूनही वीटकाम बघण्यासारखे.

बुओनकोन्वेंतोच्या विटांच्या तटात मेद्झाद्रियाचे संग्रहालय आहे, तेही जुन्या धान्यकोठारात. अवजारे, कुळाच्या घरातल्या खोल्या, आणि सर्वांत वाचनीय म्हणजे हिशेबाच्या वह्या: जमा, नावे, मालकाकडून उचललेले बियाणे, फिरत राहिलेली थकबाकी. इटालियन येत नसेल तरी आकडे वाचता येतात. दुपारी बंद असू शकते, वेळ आधी बघा.

इथून फ्लोरेन्स विमानतळ सुमारे १०० किलोमीटर. सिएना-फ्लोरेन्स जलद रस्ता फुकट आहे, पण वेगमापक कॅमेरे दाट आहेत; दोन तास धरा आणि टाकी भरूनच गाडी परत करा. भारतात माणशी २ लिटर मद्य करमुक्त आणता येते. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि विन सांतोची ३७५ मिलिलिटरची एक, असे १.८७५ लिटर बसते. पाऊण लिटरची तिसरी बाटली घेतलीत तर कस्टम्सच्या लाल दारातून जा.